क्लच कव्हरचा तडा, बुटेनची टॉर्च आणि गच्चीवरचा दीड महिना

४ जानेवारी २०२५, शनिवार

बाबांच्या मोटरसायकलखाली आज सकाळी पुन्हा तेलाचा डाग, या खेपेला चांगला पोळीएवढा. दिवाळीनंतर गाडी उजव्या अंगावर पडली, खाली नेमका फरशीचा कोपरा आला आणि क्लच कव्हरला (इंजिनच्या बाजूचं झाकण, आत तेल असतं) खालच्या बाजूने तडा गेला. तडा जेमतेम चार सेंटीमीटरचा आहे. दोन महिने इपॉक्सीचे थर लावून ढकललं, पण तेल तापलं की कडा सुटतात आणि ठिबक सुरू होते.

गाडी १९९८ची. हे कव्हर आता नवं येत नाही. नागपूरच्या इतवारीत जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून दोन तास फिरलो, तेव्हा एक मिळालं, तेही किकच्या भोकापाशी फुटलेलं. सरावासाठी म्हणून दीडशे रुपयांना घेतलं. आर्गन वेल्डिंग करणाऱ्याने आमचं कव्हर नाकाजवळ धरून वास घेतला आणि परत दिलं. म्हणाला, "तेल मुरलं आहे यात भाऊ. आर्क लावला की बुडबुडे येतील, भोक अजून वाढंल." माणूस खरं बोलला.

गाडी विकायचा विषय आमच्या घरी निघत नाही. म्हणून ठरवलं, घरीच, टॉर्चवर, धातूची काडी तड्यात वितळवून बघायचं. आधी सराव, मग बाबांचं कव्हर. आणि जे होईल ते लिहून ठेवायचं.

५ जानेवारी, रविवार

सगळ्यात आधी धातू कोणता ते पाहिलं. काही गाड्यांची कव्हरं अ‍ॅल्युमिनियमची नसून मॅग्नेशियमची असतात. दिसायला सारखीच, पण ज्योतीखाली मॅग्नेशियम पेटलं तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतं. तपासणी सोपी आहे. आतल्या बाजूला कानशीने थोडी जागा चकचकीत केली आणि घरातल्या व्हिनेगरचा थेंब टाकला. मॅग्नेशियम असतं तर लगेच फसफसलं असतं. पाच मिनिटं थेंब जसाच्या तसा. दोन्ही कव्हरं अ‍ॅल्युमिनियमची. तरी वाळूची बादली गच्चीवर नेऊन ठेवली आहे.

टॉर्च म्हणजे बुटेनच्या डब्यावर बसते ती साधी, २२० ग्रॅमच्या डब्याची. घरच्या सिलिंडरला असले उद्योग जोडायचे नाहीत, हे आधीच ठरलेलं. दोन भट्टीच्या विटा, एक स्टेनलेस स्टीलचा ब्रश (नवा, आणि तो फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठीच, लोखंडावर फिरवलेला ब्रश लोखंडाचे कण इथे घासून ठेवतो), एसीटोन, चामड्याचे हातमोजे, चष्मा.

काड्या दोन प्रकारच्या आणल्या. एक जस्त आणि अ‍ॅल्युमिनियमची, फ्लक्स (धातूवर हवेने धरणारा ऑक्साइडचा थर काढणारं रसायन) नसलेली, जी ३९० अंशांच्या आसपास वितळते. दुसरी तशाच जातीची, पण पोकळ आणि आत फ्लक्सची पूड भरलेली. दुकानदार तिसरीही दाखवत होता, अ‍ॅल्युमिनियममध्ये १२ टक्के सिलिकॉनवाली. ती खरी ब्रेझिंगची (मूळ धातू न वितळवता, फक्त काडी वितळवून जोडायची) काडी, सांधा सगळ्यात चांगला देते, पण ती वितळते ५८०च्या जवळ. अशी कव्हरं ज्या मिश्रधातूची ओततात त्यात सिलिकॉन दहा-बारा टक्के आणि थोडं तांबं असतं, आणि तो धातू ५२०च्या आसपासच आतून मऊ व्हायला लागतो. म्हणजे काडी वितळायच्या आत कव्हरच बसलं असतं. त्यामुळे ती काडी परत केली.

शब्दाचं एक लिहून ठेवतो. ४५० अंशांच्या वर ब्रेझिंग, खाली सोल्डरिंग, अशी सीमा मानतात. त्या हिशोबाने जस्ताच्या काडीचं काम ब्रेझिंग नव्हे, झाळकामच. बाजारात मात्र पाकिटावर ब्रेझिंगच छापलेलं असतं आणि मीही तेच म्हणणार.

७ जानेवारी

संध्याकाळी पहिला सराव, खिडकीच्या चौकटीच्या पट्टीच्या, म्हणजे सेक्शनच्या, तुकड्यावर. फॅब्रिकेशनवाल्याने पिशवीभर कापलेले तुकडे फुकट दिले होते.

पूर्ण फसलो. काडी वितळते, पण तुकड्याला चिकटत नाही. पाऱ्यासारखे गोळे होतात, इकडून तिकडे पळतात आणि विटेवर पडून दगड होतात. ब्रश मारला, पुन्हा तापवलं, तेच. तासाभरात अर्धी काडी गोळ्यांत गेली.

८ जानेवारी

रात्रभर तेच डोक्यात होतं. लहानपणी महाल भागात आजीच्या दारासमोर कल्हईवाला बसायचा. भांडं तापलं की नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने एक फेरा, की पातेलं आतून चांदीसारखं. नवसागर तांब्या-पितळेवरचा ऑक्साइड खातो आणि कथील स्वच्छ धातूला धरतं. अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइड नवसागराला दाद देत नाही. धातू ६६०ला वितळतो, त्याच्यावरचं हे कवच २००० अंशांच्याही वर. घासून काढलं तरी हवा लागताच पुन्हा धरतं. म्हणजे वितळलेली काडी धातूवर नसतेच, कवचावर असते.

पण हे तर कालही माहीत होतं आणि ब्रशही मारला होता. मग अडलं कुठे?

दुपारी शेजारचे काका गच्चीवर आले. अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी तुकडा उचलला, नखाने खरवडला, उन्हात धरला.

"अरे, हे अ‍ॅनोडाइज केलेलं आहे. खिडकीचा माल आहे हा. तू ब्रश मारून राहिला, त्यानं काय होते?"

तिथेच उलगडलं. नैसर्गिक ऑक्साइडचा थर काही नॅनोमीटरचा असतो. खिडक्यांच्या सेक्शनवर तोच थर विजेच्या प्रक्रियेने मुद्दाम वाढवून दहा-वीस मायक्रॉनचा केलेला असतो, म्हणजे हजारो पट जाड. पाऊस-उन्हात खिडकी टिकावी म्हणून. ब्रशाने तो निघत नाही, कानसच लागते.

कानशीने एक टोक पार उघडं केलं. काडी लगेच पसरली.

९ जानेवारी

पसरली, पण अर्धवट. काका खुर्ची टाकून बसले आणि माझा हात बघत राहिले. मी ज्योत काडीवर मारत होतो, वितळलेला थेंब सांध्यावर टाकत होतो.

"काडीले नको तापवू बावा, जॉबले तापव. काडी जॉबवर टेकव आणि ज्योत बाजूला घे. जॉबच वितळवंल काडी. नाही वितळली तर समज जॉब थंडा आहे अजून."

जॉब म्हणजे जोडायची वस्तू. मग त्यांनी करून दाखवलं. ज्योत तुकड्याच्या मागून, सतत फिरती. मधूनच ज्योत काढून काडीचं टोक सांध्यावर घासायचं, खडूसारखं. पहिल्यांदा नुसती करकर. दुसऱ्यांदा टोक जरासं चिकटलं. तिसऱ्यांदा काडीचं टोक लोणी तापल्या तव्यावर जावं तसं ओलं झालं आणि मागे एक चकचकीत रेघ राहिली. त्या रेघेत त्यांनी लगेच ब्रशाचे दोन-तीन फटकारे मारले, थेंबाच्या आतून, खालचा धातू खरवडत. तेवढ्यात तो मंद थेंब एकदम पसरला, कडा पातळ झाल्या, आणि ओल्या कापडासारखा धातूला चिकटून बसला.

सगळं मर्म या खरवडण्यात आहे. कवच द्रवाच्या खाली फोडायचं, म्हणजे उघड्या धातूला हवा मिळायच्या आत जस्त मिळतं. फ्लक्स नसलेली काडी याच्यावरच चालते.

११ जानेवारी

एक सेक्शन वितळून बसला. सव्वा मिलिमीटर जाडीचा, कोपऱ्याचा सांधा. काडी घेत नाही म्हणून अजून दहा सेकंद, अजून दहा, आणि पुढच्या क्षणी कोपरा वाकून खाली आला. लाल झाला नाही, काही नाही. लोखंड आधी तांबडं होऊन सांगतं. अ‍ॅल्युमिनियम शेवटपर्यंत तसंच चांदीच्या रंगाचं दिसतं.

यावर उपाय साबणाचा, पत्रा मऊ करणारे वापरतात तोच. सांध्यापासून दूर, मागच्या बाजूला अंघोळीच्या साबणाची रेघ ओढायची. रेघ आधी तपकिरी, मग काळी होते. काळी झाली की धातू साधारण चारशेच्या घरात आलेला असतो. सांध्यावर मात्र साबण लागू द्यायचा नाही. आज चार तुकडे केले, चारही वेळा रेघ काळी पडल्यावर काडी लगेच वितळली. आता हाताला अंदाज येऊन राहिला आहे.

खरवडायला ब्रशापेक्षा टोकदार काहीतरी हवं होतं. आईची विणकामाची सुई मागितली, ती अ‍ॅल्युमिनियमचीच निघाली. शेवटी सायकलच्या चाकाची स्टेनलेसची तार घासून टोक काढलं. उत्तम चालते.

१२ जानेवारी

आईने दोन वस्तू पुढे आणून ठेवल्या: बुडाला बारीक भोक पडलेलं दुधाचं पातेलं आणि कान ढिला झालेला कुकर. दोन्हींना नाही म्हटलं. काडीत जस्त आहे, फ्लक्समध्ये फ्लोराइड आहे. खाण्यापिण्याच्या भांड्यात ते नको. आणि दाबाखालच्या वस्तूला असा सांधा लावणं म्हणजे जिवाशी खेळ. आई रागावली नाही, पण "मग याचा उपयोग काय" असं विचारून गेली. कूलरच्या पंख्याची पाती, शिडी, गाडीचा पायदान, ब्रेकचं काहीही, हेही याच यादीत. फिरणारं, वजन झेलणारं, दाबातलं आणि खाण्यातलं काहीच जोडायचं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर पोरं आणि पतंग. टॉर्च काढली नाही.

१८ जानेवारी

भंगारातलं कव्हर. पहिला प्रश्न तेलाचा. साबणाच्या पाण्याने, मग एसीटोनने धुतलं, वरून अगदी स्वच्छ. पण ओतीव धातूच्या बारीक छिद्रांत तेल बसलेलंच असतं आणि तापवलं की तेच वर येऊन सांधा बिघडवतं. म्हणून ते भाजून काढायचं.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. वजनकाट्यावर कव्हर ७१० ग्रॅम. अ‍ॅल्युमिनियमच्या एका ग्रॅमला एक अंश चढवायला सुमारे ०.९ जूल लागतात. २० वरून ४२०वर न्यायचं तर जवळपास २५५ किलोजूल. माझा २२० ग्रॅमचा डबा दीड तासात संपतो, म्हणजे टॉर्च पावणेदोन-दोन किलोवॅटची झाली. ऐकायला पुष्कळ, पण त्यातली बरीचशी उष्णता बाजूने उडून जाते. शिवाय अ‍ॅल्युमिनियम ऊब एका जागी राहू देत नाही. साध्या पोलादापेक्षा ते तीन-चार पटींनी जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. एका टोकाला ज्योत लावली की दुसरं टोक हाताला चटके देतं आणि सांधा मात्र थंडच. म्हणून आधी सगळं कव्हर सावकाश तापवून घ्यायचं आणि टॉर्चने फक्त शेवटचा टप्पा गाठायचा.

अडगळीतली कॉइलची शेगडी काढली, तिच्यावर जुना लोखंडी तवा, तव्यावर कव्हर, भोवती विटा. अर्थिंग तपासूनच बटण दाबलं. वीस मिनिटांत निळसर धूर सुरू झाला आणि बराच वेळ चालला. धूर थांबल्यावर थंड करून धुतलं, पुन्हा भाजलं. तिसऱ्या खेपेला धूर आला नाही.

१९ जानेवारी, रविवार

भंगारातल्या कव्हरवर पहिला खरा सांधा. सकाळी आठला सुरुवात केली आणि तीच चूक ठरली. गारठ्यात बुटेनचा डबा आधीच थंड, त्यात गॅस बाहेर पडताना तो आणखी गार होतो. दहा मिनिटांत डब्याला दव धरलं आणि ज्योत मिणमिणायला लागली. वाकून खालची बाजू तापवायला टॉर्च उलटी धरली, तर द्रव गॅसच बाहेर आला आणि हातभर पिवळी ज्योत उठली. मोज्यांमुळे हात वाचला. असला डबा उभाच धरायचा. जॉब फिरवायचा, टॉर्च नाही. (उन्हाळ्यात याच्या उलट काळजी घ्यावी लागणार. डब्यावर ५० अंशांपेक्षा जास्त नको असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात उन्हात पडलेला डबा ते सहज ओलांडेल. घरात, सावलीतच ठेवायचा.)

अकराला पुन्हा बसलो. सांधा धरला. पण घाबरून जास्त तापवलं आणि कव्हरच्या तोंडावर तीन-चार फोड आले, मोहरीएवढे. दाबाने ओतलेल्या भागात हवा अडकलेली असते, धातू मऊ झाला की ती फुगून वर येते. बाबांच्या कव्हरवर हे पॅकिंग बसतं त्या कडेवर झालं असतं तर काम संपलंच होतं.

सांध्यातून थोडा पांढरा धूरही निघाला. जस्त जास्त तापल्याची खूण. तो धूर नाकात गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. काकांनी हाताला धरून वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं केलं.

२१ जानेवारी

कामावरून येताना अमरावती रोडने आलो. वाडीला जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन विकास आणि डिझाइन केंद्राच्या पाटीवरून वर्षानुवर्षं जातो आहे. १९८९ सालची संस्था, देशात या एकाच धातूचं संशोधन करणारी, आपल्या गावात. आज पाटी दिसल्यावर गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलो. काही काम नव्हतं. एवढ्या वर्षांत ज्या धातूकडे कधी लक्ष दिलं नाही तो दोन आठवडे रोज हातात आहे, म्हणून थांबावंसं वाटलं.

२५ जानेवारी

बाबांच्या कव्हरची तयारी. आतून तड्यावर डिझेल लावलं, बाहेर खडूची पूड पाण्यात कालवून पातळ लेप दिला. लेप वाळला आणि दहा मिनिटांत पांढऱ्यावर एक राखाडी रेघ उमटली. डोळ्याला दिसणारा तडा चार सेंटीमीटर, रेघ निघाली साडेपाच. दोन्ही टोकांना दोन मिलिमीटरची भोकं पाडली, म्हणजे तडा पुढे सरकणार नाही. मधे कानशीने आणि छोट्या ग्राइंडरने व्हीच्या आकाराची खाच, जाडीच्या दोन-तृतीयांश खोल. मग भाजणं आणि धुणं, पाच वेळा. हे जुनं तेल फार चिवट.

बाबा पहिल्यांदाच गच्चीवर आले. खाच बघून म्हणाले, "एवढं कापलं?" मी म्हटलं, "कापल्याशिवाय काडी आत जात नाही." ते थोडा वेळ कव्हर हातात घेऊन उभे राहिले.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आलो. वारा नव्हता. दहाला शेगडी लावली, अर्ध्या तासाने साबणाची रेघ तपकिरी. शेगडीचं बटण बंद, प्लग बाहेर, आणि मगच टॉर्च आणि काडी हातात. कॉइलवर धातूच्या काड्या घेऊन वाकायचं नाही. ज्योत खाचेच्या दोन्ही अंगांनी गोल फिरती, खाचेवर थेट नाही. रेघ काळी झाली. काडी टेकवली, तिसऱ्या खेपेला ओली झाली. तारेने खाचेच्या तळाशी खरवडत पुढे सरकलो, मागे जस्त भरत गेलं. टोकांच्या भोकांत ते आपोआप उतरताना दिसलं. भोकाच्या कडेवर थेंब क्षणभर अडला, फुगला आणि एकदम आत शिरला.

सहा मिनिटं लागली. मग कशालाही हात लावला नाही. गोठताना हा सांधा ठिसूळ असतो, धक्का लागला तर बारीक चिरतो. पाणीही मारायचं नाही. विटांच्या आडोशाला दोन तास तसंच ठेवलं.

फोड नाही.

२ फेब्रुवारी

डिझेल आणि खडू. वीस मिनिटं स्वच्छ होतं, मग सांध्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा एक ठिपका. पुन्हा पुसलं, पुन्हा तिथेच.

काका म्हणाले, "तिथं तेल होतं, जस्त वरून गेलं. उकर."

८ फेब्रुवारी

ती जागा उकरली. आत काळा कण होता, जळलेल्या तेलाचा. पुन्हा भाजलं, धुतलं, आणि या वेळी फ्लक्स भरलेली काडी घेतली, कारण एवढ्याशा खड्ड्यात तार नीट फिरत नाही. फ्लक्स आधी पाण्यासारखा पसरला, पाठोपाठ धातू. नंतर गरम पाण्याने आणि ब्रशने घासून फ्लक्सचा पांढरा थर काढला. काम मोकळ्या हवेत, तोंड बाजूला ठेवून केलं.

दुपारी खडू लावला. रात्रीपर्यंत पांढराच.

९ फेब्रुवारी, रविवार

काचेवर पॉलिश पेपर चिकटवून कव्हरचं तोंड आठ-आठ फेरे घासलं. खालच्या कोपऱ्यात आधी पेपर लागतच नव्हता, म्हणजे तापवताना तिथे किंचित दबलं होतं. घासून सपाट आलं. सांधा आतून कानशीने उतरवला, क्लचला घासू नये म्हणून. बाहेरून रंग दिला, कारण पावसाळ्याच्या ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियमला लागून असलेलं जस्त आधी खराब होतं. नवं पॅकिंग, बोल्ट आडवे-तिडवे क्रमाने आवळले, तेल भरलं. बाबांनी किक मारली. दुसऱ्या किकला गाडी लागली.

१७ फेब्रुवारी

आठ दिवस गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून ठेवलं आहे. बाबा रोज सक्करदऱ्यापर्यंत जाऊन येतात. आज सकाळी कागदावर एक थेंब दिसला. पोटात गोळाच आला. कव्हर पुसून खडू लावला, गाडी तापवली, कव्हर कोरडं. थेंब तेल सोडायच्या बोल्टचा होता. तांब्याचा वॉशर जुनाच बसवला होता मी. नवा टाकला, कागद बदलला.